पुनरुत्थानाचा सण दरवर्षीं कां हालतो?

वाचन : निर्गम १२:१–१४, लेवीय २३:४–१४, रोमकरांस १४:१–१२

सन २०२५ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस एका खेड्यांतील आमच्या मंडळीच्या मास्तरांस शेजारच्या एका वारकरी शेतकऱ्यानें पारावर विचारिलें, “मास्तर, तुमचा नाताळ पंचवीस डिसेंबर सोडून हालत नाहीं. पण तो दुसरा मोठा सण गेल्या वर्षीं होळीमागून आठवड्यांत आला, आणि औंदा होळी होऊन पंधरवडा उलटला तरी त्याचा पत्ता नाहीं. हें ठरवितो तरी कोण?” मास्तर म्हणाले, “आम्हांस वरून पत्र येतें.” म्हातारा हंसून म्हणाला, “म्हणजे तुमचा सण टपालानें येतो म्हणा कीं!” पारावरचे सगळे हंसले, आणि मास्तर घरीं आले ते थोडे खिन्न होऊनच आले.

म्हाताऱ्याची थट्टा कुत्सित नव्हती, आणि त्याचा प्रश्न तर उत्तमच होता. ज्या दिवसावर आपल्या साऱ्या विश्वासाची उभारणी आहे, तो दिवस कसा ठरतो हें आपणांस सांगतां येऊं नये, ही गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. गंमत अशी कीं, या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या शेतकऱ्याच्याच घरीं खुंटीला टांगलेल्या पंचांगांत होतें. म्हणून आजचा पाठ आपण पंचांगापासूनच आरंभूं.

देवानें आकाशांत काळाच्या खुणेसाठीं दोन ज्योती ठेविल्या, आणि त्या दोहोंची चाल एकमेकींशीं जुळत नाहीं. ऋतूंचें चक्र सूर्याचें आहे. तें सुमारें ३६५ दिवस, ५ तास व ४९ मिनिटांनीं पुरें होतें. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित् मोठा; असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस व सुमारें ९ तास होतात. म्हणजे चंद्राचें वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनीं तोकडें पडतें. पृथ्वीवरील बहुतेक धर्मांच्या सणांची सगळी धांवपळ या अकरा दिवसांतून निघाली आहे. ज्याला हा अकरा दिवसांचा हिशेब कळला, त्याला मुसलमानांची ईद, यहूद्यांचा वल्हांडण, हिंदूंची दिवाळी व आपला पुनरुत्थानाचा सण हीं चारही कोडीं सुटलीं म्हणून समजावें.

कांहीं सण केवळ सूर्याकडे पाहून चालतात. मकरसंक्रांत घ्या. बाकीचे सण तिथीनें येतात आणि पुढेंमागें होतात, पण संक्रांत मात्र आपली १४ किंवा १५ जानेवारी सोडीत नाहीं; कारण ती सूर्याच्या राशिसंक्रमणाचा दिवस आहे. (तीहि अगदीं स्थिर नाहीं, सुमारें सत्तर वर्षांत एका दिवसानें पुढें सरकते. पण एका माणसाच्या आयुष्यांत तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.) आपला नाताळ संक्रांतीच्या जातीचा आहे. प्रभूच्या जन्माची तारीख शास्त्रांत कोठेंहि दिलेली नाहीं. २५ डिसेंबर हा दिवस रोम येथील मंडळी चौथ्या शतकांत पाळूं लागली होती, आणि अर्मेनी मंडळी तर अजूनहि ६ जानेवारीस तो सण करिते. तो सूर्याच्या वर्षांतील एक नेमलेला दिवस आहे, म्हणून तो हालत नाहीं. पुनरुत्थानाचा सण मात्र दिवाळीच्या जातीचा आहे. त्याचें मूळ पौर्णिमेंत आहे.

आतां दिवाळीकडे पाहा. सन २०२२ मध्यें लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरास झालें. त्यानंतरच्या वर्षीं अकरा दिवसांच्या हिशेबानें तें १३ ऑक्टोबराच्या सुमारास यावयाचें. पण आलें १२ नोव्हेंबरास! कां? कारण २०२३ मध्यें श्रावण दोनदां आला. ज्यास आपल्या बायाबापड्या धोंड्याचा महिना म्हणतात, जावयांस वाण देतात, तोच हा अधिक महिना. ज्या चांद्र महिन्यांत सूर्य एकाहि नव्या राशींत शिरत नाहीं, तो महिना पंचांगकर्ते अधिक धरितात. अशी वेळ सुमारें बत्तीसतेहतीस महिन्यांनीं एकदां येते. अकरा अकरा दिवसांची सांचलेली तूट या एका महिन्यानें भरून निघते, आणि दिवाळी भाताच्या कापणीपासून फार दूर जात नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्राखालीं वाढलेल्या इस्राएल लोकांपुढें हीच अडचण उभी होती. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत परमेश्वरानें पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशीं संध्याकाळीं वल्हांडणाचा कोंकरा वधावा असें सांगितलें. महिना चंद्रदर्शनापासून मोजला जाई, तेव्हां चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमेची रात्र हें उघड आहे. मिसर देशांतून लोक निघाले ते टिपूर चांदण्यांत निघाले. आतां या महिन्याचें जुनें नांव अबीब, म्हणजे जवाचीं कोंवळीं कणसें. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायांत याच सणाच्या आठवड्यांत पहिल्या पिकाची पेंढी परमेश्वरापुढें ओंवाळावी अशी आज्ञा आहे. शेतकरी वाचकाच्या ध्यानीं लगेच येईल कीं, सण दरवर्षीं अकरा दिवस मागें येऊं लागला तर तीन वर्षांत पीक हिरवें असतांच सण येईल, आणि याजकाच्या हातीं पेंढी कोठून द्यावी? म्हणून तेहि अधिक महिना घालीत. त्यांचा बारावा महिना अदार. त्या वर्षीं तो दोनदां येतो. प्राचीन काळीं पिकाची स्थिति पाहून तो जाहीर करीत. पुढें गणिताचा नियम झाला, तो असा कीं एकोणीस वर्षांत सात वेळां अधिक महिना. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ बरोबर बसतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, आणि सात अधिक. ज्यास शंका असेल त्यानें पाटीवर हिशेब करून पाहावा.

या ठिकाणीं आपल्याच कोंकणांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूस शेंकडों वर्षें राहिलेले बेने इस्राएल लोक मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ इब्री ग्रंथ राहिले नव्हते, तरी सण राहिले होते, आणि त्या सणांस त्यांनीं मराठी नांवें दिलीं होतीं : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. एस्तेरच्या पुस्तकांतील पुरीम सणास तर ते होळीचा सण म्हणत. त्यांनीं होळी पेटविली असें नव्हे; दोन्ही सण एकाच पौर्णिमेच्या आसपास येत एवढेंच. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशीं असतो, आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेस. आजहि पडताळून पाहतां येतें : २०२४ मध्यें २४ मार्चला होळी पेटली व त्याच दिवशीं पुरीम होता, २०२५ मध्यें १३ मार्चला होळी आणि १४ मार्चला पुरीम. यरुशलेमचा महिना व पैठणचा महिना एकाच चंद्राखालीं चालतात, हें त्या घाणेवाल्यांस कोणाहि पंडितावांचून कळलें होतें. मला तर हें फार मोलाचें वाटतें.

पुरीमनंतर एका महिन्यानें वल्हांडण. तेव्हां वल्हांडण बहुधा चैत्री पौर्णिमेच्या, म्हणजे आपले शेजारी हनुमानजयंती करितात त्या सुमारास येतो.

मुसलमान बंधूंनीं वेगळा मार्ग धरिला. कुराणांत अधिक महिना घालण्याची मनाई आहे, म्हणून त्यांचें वर्ष निखळ चंद्राचें, ३५४ किंवा ३५५ दिवसांचें. त्यामुळें रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. आपल्याकडे २०२४ मध्यें रमजान ईद ११ एप्रिलला झाली व २०२५ मध्यें ३१ मार्चला. जो तरुण वैशाखाच्या उन्हांत रोजे धरितो, तोच म्हातारपणीं पौषाच्या थंडींत धरितो. सुमारें तेहतीस वर्षांत फेरा पुरा होतो. हिशेबांतील चूक म्हणून कोणी या फिरण्यास हंसूं नये. त्यांनीं तो नियम जाणूनबुजून पाळिला आहे. पारशी लोकांची तऱ्हा आणखी निराळी : त्यांतील बहुतेकांचें वर्ष ३६५ दिवसांचें, आणि चार वर्षांनीं वाढणारा दिवस त्यांत नाहीं, म्हणून त्यांचें नवें वर्ष सरकत सरकत ऑगस्टच्या मध्यावर आलें आहे, आणि जे फसली गणना मानितात ते मात्र २१ मार्चलाच नवरोज करितात.

आतां आपल्या सणाकडे येऊं. प्रभूचा वध वल्हांडणाच्या दिवसांत झाला, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशीं पहाटे कबर रिकामी आढळली. या एका वाक्यांतच पुढील सर्व वादाचें बीं आहे. सण पाळावयाचा तो तिथीनें कीं वारानें? तिथि धरिली तर रविवार साधत नाहीं. वार धरिला तर तिथि सुटते. इफिस, स्मुर्णा व आशियांतील इतर मंडळ्या तिथि धरीत. नीसान महिन्याचा चौदावा दिवस, मग तो मंगळवारीं येवो कीं गुरुवारीं, आणि ही चाल आपणांस योहान प्रेषितापासून मिळाली असें त्या सांगत. रोमची व बहुतेक इतर मंडळ्या त्यानंतरचा रविवार धरीत. परिणाम असा होई कीं एका गांवचे ख्रिस्ती उपास करीत असतां दुसऱ्या गांवचे आनंदाचें भोजन करीत. आणि एकाच शहरांत दोन्ही चालींचीं माणसें असलीं म्हणजे कशी ओढाताण होत असेल हें ज्यांच्या एका घरांत दोन मतें नांदतात त्यांस सांगावयास नको.

सन १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प रोमला गेला. तेथील अध्यक्ष अनिसेत याच्याशीं याविषयीं बोलणें झालें. पॉलिकार्पनें आपली चाल सोडिली नाहीं, अनिसेतनें आपली सोडिली नाहीं. कोणीं कोणास पटवूं शकलें नाहीं. तरी अनिसेतनें आपल्या मंडळींत प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा मान त्या पाहुण्यास दिला, आणि ते शांतीनें एकमेकांपासून निघाले. ही हकीकत आपणांस गॉल देशांतील लियोनचा अध्यक्ष आयरेनियस याच्या पत्रामुळें कळते. तें पत्र लिहिण्याचा प्रसंग मात्र दुःखाचा होता. त्या भेटीनंतर सुमारें पसतीस वर्षांनीं रोमचा अध्यक्ष व्हिक्टर यानें आशियांतील साऱ्या मंडळ्या एका तिथीसाठीं तोडून टाकण्याचें मनांत आणिलें. आयरेनियस स्वतः रविवारच्याच पक्षाचा. तरी त्यानेंच व्हिक्टरास लिहून आठवण दिली कीं तुझ्या पूर्वजांनीं असें केलें नव्हतें. ज्याचें मत आपल्यासारखें आहे त्यास आवरणें हें ज्याचें मत वेगळें आहे त्यास आवरण्याहून पुष्कळ कठीण असतें. आयरेनियसनें तें कठीण काम केलें.

पुढें सन ३२५ मध्यें निकाईया येथील सभेनें ठरविलें कीं सर्वांनीं हा सण एकाच दिवशीं पाळावा, आणि त्यासाठीं यहूद्यांच्या पंचांगावर अवलंबून राहूं नये. ठराव योग्य होता, पण त्या वेळीं कॉन्स्टंटाईन बादशहाच्या नांवें मंडळ्यांस गेलेल्या पत्रांत यहूदी लोकांविषयीं जे कठोर शब्द आहेत, ते वाचून आज मान खालीं घालावीशी वाटते. ज्यांच्या पौर्णिमेवर आपला सण उभा आहे त्यांसच हिणवणें आपणांस शोभलें नाहीं. प्रत्यक्ष गणिताचें काम अलेक्झांद्रियाच्या मंडळीनें केलें, कारण तेथें ज्योतिषाची विद्या होती. आणि हळूहळू सर्वत्र जो नियम रूढ झाला तो असा : वसंतसंपात २१ मार्च धरावा. त्या दिवशीं किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावी. त्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो पुनरुत्थानदिन. पौर्णिमा स्वतःच रविवारीं आली तर पुढचा रविवार घ्यावा. या नियमानें सण २२ मार्चच्या अलीकडे येत नाहीं व २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाहीं. १९४३ मध्यें तो अगदीं शेंवटच्या दिवशीं, २५ एप्रिलला आला होता; तसा तो पुन्हां २०३८ मध्यें येईल.

आतां पारावरच्या म्हाताऱ्यास उत्तर देऊं. २०२४ मध्यें फाल्गुनी पौर्णिमा २५ मार्चला, सोमवारीं पुरी झाली. ती २१ मार्चनंतरची, म्हणून तीच आपली पौर्णिमा; पुढचा रविवार ३१ मार्च. म्हणून सण होळीमागून आठवड्यांत आला. २०२५ मध्यें होळीची पौर्णिमा १४ मार्चलाच होऊन गेली. ती २१ मार्चच्या आधींची, म्हणून सोडावी लागली, आणि चैत्री पौर्णिमेची वाट पाहावी लागली. ती १३ एप्रिलला रविवारींच धरिली गेली, म्हणून सण पुढच्या रविवारीं, २० एप्रिलला. टपालाचा यांत कांहीं संबंध नाहीं.

एक सावधगिरी सांगून ठेवितों. मंडळी आकाशांतील चंद्र पाहत नाहीं. जुन्या कोष्टकांतील चंद्र पाहते, आणि दोहोंत कधीं एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०१९ मध्यें पौर्णिमा आपल्याकडे २१ मार्चच्या सकाळीं पुरी झाली. हिशेबी माणसानें २४ मार्च हा सणाचा रविवार धरिला असता, पण कोष्टकांत ती पौर्णिमा २० मार्चला होती, म्हणून सण एक महिना पुढें, २१ एप्रिलला गेला. होळी २१ मार्चच्या अगदीं लगत आली असेल तेव्हां छापील कोष्टक पाहिल्यावांचून बोलूं नये.

निकाईयाच्या ठरावानेंहि ऐक्य टिकलें नाहीं. त्या काळचें रोमी वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें. मिनिटें सांचत गेलीं आणि सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवस झाले. तेव्हां तेरावा ग्रेगरी पोप यानें १५८२ मध्यें ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर लिहावयास लाविलें. प्रॉटेस्टंट देशांनीं तें पोपाचें म्हणून पुष्कळ दिवस नाकारिलें; इंग्लंडानें १७५२ पर्यंत मानिलें नाहीं. सूर्य कोणाच्या पंथाचा नसतो, हें समजावयास आपल्या वडिलांस पावणेदोनशें वर्षें लागलीं. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांपैकीं बहुतेक या सणापुरती अजून जुनी गणना धरितात. ती आतां तेरा दिवस मागें आहे, आणि त्यांचीं चंद्राचीं कोष्टकेंहि कांहीं दिवस मागें पडलीं आहेत. म्हणून २०२४ मध्यें त्यांचा सण ५ मेला झाला. २०२५ हें निकाईयाच्या सभेचें सतराशेंवें वर्ष होतें, आणि त्याच वर्षीं दोन्ही गणना २० एप्रिलवर एकत्र आल्या.

हे वाद दूर देशचे म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नयेत. तिथि कीं तारीख हा प्रश्न आज आपल्या गांवींहि आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस झाला असें राज्य सरकारनें मानिलें, आणि सरकारी जयंती १९ फेब्रुवारीस होते. कित्येक गांवीं मात्र ती तिथीनें करितात. २०२५ मध्यें ती तिथि १७ मार्चला होती. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या गणनेची तारीख आहे; नव्या गणनेनें तो १ मार्च होतो. त्या काळीं सुरतेचे इंग्रज व गोव्याचे पोर्तुगीज एकाच दिवशीं पत्र लिहीत, तरी त्यांच्या पत्रांवरील तारखांत दहा दिवसांचें अंतर असे. तसेंच डॉ. आंबेडकरांनीं नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशीं विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरील मोठा मेळा विजयादशमीस भरतो, आणि कित्येक जण १४ ऑक्टोबरहि पाळितात. म्हणजे पॉलिकार्प व अनिसेत यांच्या पुढें असलेलाच हा पेंच.

राष्ट्राचे सण या पेंचांत सहसा पडत नाहींत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे तारखेनें ठरलेले आहेत, कारण ते सर्व धर्मांच्या लोकांचे. कोणा एकाचें पंचांग धरिलें तर दुसरा परका होईल. (इस्राएल राष्ट्र मात्र आपला स्वातंत्र्यदिन इब्री तिथीनें पाळितें, म्हणून तो तारखेनें हालतो.) २०२५ मध्यें २ ऑक्टोबरलाच दसरा आला. त्या एका दिवशीं शाळेंत गांधीजयंती, गांवांत सोनें लुटणें आणि नागपुरास दीक्षेचा मेळा.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायांत पौलानें दिवसांविषयीं जें लिहिलें तें ही सर्व माहिती मनांत ठेवून पुन्हां वाचावें. एक दिवस दुसऱ्याहून थोर मानणारा व सर्व दिवस सारखे मानणारा असे दोघेहि त्याच्यापुढें बसले होते, आणि त्यानें दोघांपैकीं कोणासहि मंडळींतून घालविलें नाहीं. कलस्सैकरांस लिहितांना तर त्यानें सण व अमावास्येनंतरचा चंद्र यांवरून कोणी तुमचा न्याय करूं नये असेंच बजाविलें. आपल्यापैकीं जे कोणी नव्यानें विश्वासांत आले आहेत, आणि ज्यांच्या घरीं आई अजून तिथीनें उपास करिते, त्यांनीं हे दोन भाग विशेषेंकरून वाचावे. आईचा उपास हा तुमच्या विश्वासाचा शत्रु नव्हे, आणि तिच्या पंचांगानें तुमच्या सणाची पौर्णिमा तुम्हांस दाखविली आहे.

मास्तरांनीं हा हिशेब पाटीवर मांडून दुसऱ्या दिवशीं पारावर नेला. म्हाताऱ्यानें पंचांग आणविलें, चष्मा लाविला, आणि दोघांनीं मिळून २०२४ ची पौर्णिमा शोधून काढिली. उपदेशकांनीं २०२७ सालाचा हिशेब मंडळीसमोर असाच करून दाखवावा. त्या वर्षीं फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चला, सोमवारीं आहे. ती २१ मार्चनंतरची, आणि कोष्टकांतहि ती २२ मार्चलाच आहे. म्हणून पुनरुत्थानदिन २८ मार्च. यहूद्यांचें तें अधिक महिन्याचें वर्ष, म्हणून त्यांचा वल्हांडण २१ एप्रिलच्या संध्याकाळीं लागेल. जुनी गणना धरणाऱ्या मंडळ्यांचा सण २ मेला होईल.